सरांच्या पट्ट्याची भोकं

सरांच्या पट्ट्याला पहिलं जादा भोक मी पाडलं, तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. दुपारची वेळ होती. सरांच्या पत्नी, म्हणजे काकू, भजनी मंडळात गेलेल्या, त्यांचा मुलगा आणि सून, म्हणजे वहिनी, कामावर, नातवंडं शाळेत. मी गहू निवडत बसले होते. सर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. उजव्या हातात पट्टा होता आणि तो हात सारखा हलायचा, त्यामुळे बक्कल चौकटीवर टकटक वाजत होतं.

"दाभण असेल का गं घरात?"

"आहे की. कशाला?"

"एक भोक पाडून दे. मी पाडायला गेलो तर स्वतःलाच पाडून घेईन."

मी हसले. गॅसवर दाभण तापवलं, पट्टा पाटावर ताणून धरला आणि शेवटच्या भोकापासून दोन बोटं सोडून टोचलं. जळक्या चामड्याचा वास स्वयंपाकघरभर झाला. सर तिथेच उभे होते. पट्टा हातात घेऊन जाताना म्हणाले, "काकूला बोलू नको हं. उगाच घर डोक्यावर घेईल."

मी म्हटलं, "नाही बोलत."

इतकंच. पुढच्या चौदा महिन्यांत मी आणखी सहा भोकं पाडली आणि एकदाही बोलले नाही.

बोलले का नाही, हे सांगायचं तर मी तिथे कशी होते ते आधी सांगायला हवं. माझं गाव तळकोकणात, खाडीच्या पलीकडे. शाळा सहावीपर्यंत झाली. आई आजारी पडली, धाकट्या भावंडांना बघायला कोणी नव्हतं, तेव्हा मीच घरी बसले. कोणी बसवलं असंही नाही म्हणता येणार. लग्न झालं आणि नव्वदच्या दशकाच्या मध्याला नवऱ्याबरोबर नाशकात आले. त्याला सातपूरला एका कारखान्यात काम होतं. दोन वर्षांत कारखान्याने माणसं कमी केली, आम्हाला खोली सोडावी लागली. मी तेव्हा गंगापूर रोडला सरांकडे फक्त पोळ्या करायला जायची. कसं कोण जाणे, सरांच्या कानावर गेलं. त्यांनी बंगल्यामागची खोली उघडून दिली. "सामान घेऊन या," म्हणाले. भाडं किती, विचारलं तर म्हणाले, "आधी या तर." नवऱ्याला दुसरीकडे काम मिळालं तरी आम्ही त्या खोलीतून हललो नाही. मी पोळ्यांवरून पूर्ण स्वयंपाकावर आले आणि हळूहळू सगळ्यावरच आले.

सर भूगोलाचे मास्तर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. मी भाजी चिरायला बसले की ते समोर खुर्ची टाकून पेपर माझ्याकडे सरकवायचे. "वाच. मोठ्याने." मी अडखळायची. ते थांबायचे, शब्द सुचवायचे नाहीत. "तुझं तुला येईल," म्हणायचे. एकदा भिंतीवरच्या नकाशात त्यांनी माझं गाव शोधलं. गाव सापडलं नाही, खाडी सापडली. "हे बघ, इथे कुठेतरी तुझी आई बसलीय," म्हणाले, आणि मला रडू आलं. आज मी चार ओळी सरळ लिहू शकते ती त्यांची कमाई.

तर असा माणूस. त्याने सांगितलं, बोलू नको. मी कशी बोलणार? आणि खरं लिहायचं तर नुसतं उपकार आठवून गप्प बसले असंही नाही. भीती होती. त्या घरात मी काही चुकीचं बोलले, कुणाच्या मध्ये पडले, तर खोली जाईल, ही भीती मला कायम असायची. कोणी तसं कधी सुचवलंही नव्हतं. भीतीला सुचवावं लागत नाही.

सरांना कंपवात होता. पार्किन्सन म्हणतात तो. उजवा हात आधी, मग पाय, मग चेहरा. चेहरा हलायचा नाही, उलट थिजल्यासारखा झाला होता. हसले तरी बाहेर दिसायचं नाही. ओळखीचे लोक म्हणायचे, सर हल्ली रागावलेले दिसतात. आम्ही घरातले आवाजावरून ओळखायचो.

त्यांचं मूळ घर देवळ्याकडचं, शेतकऱ्याचं. त्या घरची एक रीत त्यांनी शहरात आणली होती. रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र करायचं आणि घरातला मोठा माणूस उठल्याशिवाय कोणी पानावरून उठायचं नाही. दुसरी रीत त्यांची स्वतःची, मास्तरांची. पानात काही टाकायचं नाही. नातवाने भाजी ठेवली तर ते म्हणायचे, "संपव. नाहीतर ही भाजी कुठून आली त्याचा भूगोल सांगतो." नातू बिचारा भूगोल टाळायला भाजी गिळायचा.

सरांचा हात धड होता तोवर या दोन्ही रीती छान होत्या. हात हलायला लागला, घास सांडायला लागले, चावायला आणि गिळायला वेळ लागायला लागला, तेव्हा काय व्हायला लागलं ते माझ्या डोळ्यांसमोर झालं. बाकीच्यांचं जेवण पंधरा मिनिटांत व्हायचं. सरांची पहिली पोळी अजून अर्धी. सगळे हात वाळवत बसलेले. वहिनींना सकाळचा डबा, मुलांचा अभ्यास, टीव्हीवरची मालिका. कोणी काही म्हणायचं नाही. पण न म्हणता बसलेल्या माणसांचा आवाज होतो. नातू एकदा बोटांवरची वाळलेली आमटी खरवडत म्हणाला, "आजोबा, तुम्ही आज संपवणार का उद्या?" वहिनींनी त्याला चिमटा काढला. सर म्हणाले, "संपलंच." आणि खरंच दुसऱ्या मिनिटाला उठले.

दुसऱ्या दिवशी वाढताना मला हळूच म्हणाले, "मला एकच पोळी वाढत जा."

मी एक वाढली. महिनाभराने म्हणाले, "अर्धी." मी अर्धी वाढली. भात दोन चमचे. आमटी वाटीत निम्मी, म्हणजे हिंदकळून सांडणार नाही. आता ते सगळ्यांच्या बरोबर संपवायचे, कधी सगळ्यांच्या आधी. ताट इतकं स्वच्छ की घासायची गरज नाही. काकू कौतुकाने म्हणायच्या, "बघ, या वयातसुद्धा पानात शीत नाही ठेवत." शेजारचे जोशी-कुलकर्णी फिरायला जाताना म्हणायचे, "सरांनी शरीर कसं आटोपशीर ठेवलंय. नाहीतर आम्ही बघा." सगळ्यांना वाटायचं, वय झालं की आहार कमी होतोच. मला मात्र ताट किती भरलेलं होतं ते माहीत होतं. ते भरणारी मीच. पण मलाही स्वच्छ ताट बघून बरं वाटायचं. आमच्याकडे उपाशी माणसाचं ताट स्वच्छ असतं, हे मला कोकणात लहानपणीच कळलं होतं. ते मी विसरले होते.

मी आपल्या परीने एक करायची. सकाळी आठची गोळी त्यांना साध्या पाण्याबरोबर न देता पेलाभर म्हशीच्या दुधाबरोबर द्यायची. काकूंना सांगून. निदान दूध तरी पोटात जाईल. माझ्या या हुशारीचा मला अभिमान होता.

भोकं वाढत होती. दुसरं दिवाळीच्या आधी. तिसरं संक्रांतीला. दर वेळी तीच दुपार, तेच दाभण. चौथ्याच्या वेळी मी धीर करून म्हटलं, "सर, पँटी फार मोठ्या होतायत."

"पँटीच मोठ्या शिवतो तो मेला," ते म्हणाले.

"अर्ध्या पोळीवर माणूस राहतो का?"

त्यांनी पट्टा पाटावर ठेवला. मग म्हणाले, "तू मुंबईहून रात्रीच्या गाडीने आली आहेस कधी? घाटात पुढे एक ट्रक चालतो दहाच्या वेगाने आणि मागे सगळ्या गाड्या अडकतात. मला तो ट्रक व्हायचं नाही. कळलं? टोच आता."

मी टोचलं.

शहरात रोज बघणाऱ्याला दिसत नाही ते सरांच्या धाकट्या भावाला दिसलं. सगळे त्यांना तात्या म्हणत. ते देवळ्याला शेती करायचे, कांदा लावायचे. त्यांच्या नातवाचं जावळ होतं, म्हणून उन्हाळ्यात आम्ही सगळे गेलो. मीही, स्वयंपाकाला हात म्हणून. सर जीपमधून उतरले आणि तात्या पुढे आले ते मध्येच थांबले. वर्षभराने बघत होते. तात्या रागावले की अहिराणीत जायचे.

"हाई काय शे, दादा?" ते म्हणाले. मग काकूंकडे वळून आमच्या मराठीत, "वहिनी, याला खायला घालता का नाय?"

काकूंचा चेहरा उतरला. "विचारा त्यांनाच. पानात शीत ठेवत नाहीत."

"मंग जातं कुठं?"

सर म्हणाले, "तात्या, आल्या आल्या पंचनामा नको. पाणी दे."

दुपारी जेवणं झाल्यावर पोरं कांद्याच्या चाळीपाशी खेळायला गेली. तिथे गोण्या मोजायचा मोठा काटा होता, लोखंडी फळीचा. पोरं एकेक करून त्यावर चढत होती आणि तात्या वजन ओरडून सांगत होते. बाया पदराने वारा घेत बघत होत्या. एक जाडी आत्या चढली तेव्हा सगळ्यांनी शिट्ट्या वाजवल्या. मग तात्या म्हणाले, "दादा, चल, तू पण."

"मला नको. मी हलतो, तुझा काटा बिघडेल."

हशा झाला. पण तात्यांनी हात धरून त्यांना फळीवर उभं केलं. काट्याची दांडी सरांच्या हाताबरोबर थरथरत होती. तात्यांनी वजनं काढली, परत लावली, आणखी काढली. दांडी स्थिर व्हायला फार वेळ लागला. ते आकडा ओरडले नाहीत.

"किती?" काकूंनी विचारलं.

"एक्केचाळीस."

सर उंच होते. पूर्वी बासष्ट-त्रेसष्ट असायचे, काकू म्हणाल्या. शेजारीच भरलेल्या गोण्या रचून ठेवल्या होत्या, पन्नास-पन्नासच्या. तात्या एकदा गोणीकडे बघत होते, एकदा सरांकडे.

सर म्हणाले, "म्हणजे मी गोल्टीत निघालो." गोल्टी म्हणजे निवडून बाजूला काढलेला बारीक कांदा, ज्याला भाव येत नाही. पोरं हसली. मोठं कोणी हसलं नाही. तात्या काट्यावरची वजनं पुसत बसले, पुसायचं काही नसताना.

त्याच आठवड्यात सरांना मोठ्या डॉक्टरकडे नेलं. आतापर्यंत जुन्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळ्या चालू होत्या आणि जेवण कसं आहे विचारलं की सर "उत्तम" म्हणायचे. काकूंनी मला बरोबर घेतलं. "स्वयंपाक तू करतेस, तुलाच विचारतील," म्हणाल्या.

डॉक्टर वयाने लहान होते, सावकाश बोलायचे. त्यांनी विचारलं, "एक पोळी खायला किती वेळ लागतो?" सर म्हणाले, "पाच-दहा मिनिटं." बरोबर आलेला मुलगा फाईल चाळत होता. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "दुपारी कोणी नसेल तेव्हा अर्ध्या पोळीला अर्धा तास लागतो." सरांनी मान वळवली. चेहरा तसाच थिजलेला, पण त्यांना ते लागलं, हे मला कळलं.

मग डॉक्टरांनी बऱ्याच गोष्टी समजावल्या. हात-पाय दिवसभर हलतात, ताठ राहतात, त्यात अंगातलं बळ जळतं, म्हणजे बसल्या जागी मजुरी केल्यासारखं. या आजारात वास जातो, वास गेला की चव जाते, भूक लागतच नाही. मला एकदम आठवलं, एकदा वरण करपलं होतं आणि सरांनी मुकाट खाल्लं होतं. मी समजत होते, मन राखलं. आणि दूध. गोळी दुधाबरोबर घेतली की तिचा असर कमी होतो, जेवणाच्या आधी पाऊण-एक तास नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, म्हणजे जेवताना हात जरा मोकळा होतो. "दूध कोण देत होतं?" डॉक्टरांनी सहज विचारलं. मी म्हटलं, मी. "चांगल्या मनाने दिलंत, पण वेळ चुकली," ते म्हणाले. वर्षभर मी रोज सकाळी त्यांचा हात आणखी ताठ करत होते.

वजन करायला त्यांनी सरांना पट्टा काढायला सांगितला. पट्टा हातात घेऊन ते बघत राहिले. मूळची पाच भोकं नीट ओळीत होती, त्यापुढे माझी. वाकडीतिकडी, कडा जळलेल्या.

"ही कुणी पाडली?"

मी काकूंकडे बघितलं.

"मोच्याने," सर म्हणाले. "कोपऱ्यावर बसतो तो."

"किती दिवसांत?"

"असतील पाच-सहा वर्षं."

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. पाच-सहा वर्षांत हळूहळू उतरलेलं वजन वेगळं आणि वर्षभरात उतरलेलं वेगळं, एवढं मलाही कळत होतं. ते लिहीत असताना मी पेनाकडे बघत होते. एक वाक्य बोलायचं होतं. सरांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं होतं. मी खरं बोलले असते तर ते खोटे पडले असते, डॉक्टरांपुढे, मुलापुढे. हे कारण मी तेव्हा स्वतःला दिलं. खरं कारण काकू होत्या. माझ्या शेजारच्या खुर्चीत.

घरी बदल झाले. गोळीची वेळ बदलली. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं द्यायचं ठरलं. तूप घातलेला मऊ भात, शिरा, केळं. काकूंनी एक दिवस ठरवून सांगितलं, "आता जेवताना कोणी कोणासाठी थांबायचं नाही. झालं की उठायचं." रीत मोडली. पण त्याचं उलटंच झालं. सगळे पंधरा मिनिटांत उठून जायचे आणि सर एकटेच टेबलाशी उरायचे, समोर ताट, पाठीमागे नळाखाली मी भांडी घासतेय. दोन दिवस त्यांनी नेटाने खाल्लं. मग तेही उठायला लागले, अर्धं टाकून. पानात न टाकणारा माणूस टाकायला लागला.

दीड महिन्याने दुपारी ते दारात आले. हातात पट्टा.

मी दाभण काढलं नाही. "सर, मी नाही पाडणार."

"का?"

"मी काकूंना सांगणार आहे."

"मोच्याकडे जातो मग," ते म्हणाले आणि निघाले. फाटकापर्यंत गेले. कोपरा दीडशे पावलांवर असेल. फाटकाला धरून ते बराच वेळ उभे राहिले, पाय उचलत नव्हता. मी जाऊन हात धरला. त्यांनी झटकला नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही.

संध्याकाळी मी काकूंना सांगितलं. सात भोकं, चौदा महिने, अर्धी पोळी, सगळं. खाली बघून सांगितलं. काकू भाजी निवडत होत्या. हात थांबले.

"आणि तू मला आज सांगतेस?"

"त्यांनी शपथ..." मी म्हटलं. शपथ घातली नव्हती. मी तेवढंही खरं बोलू शकले नाही.

"डॉक्टरांसमोर बसली होतीस. तेव्हा जीभ गेली होती तुझी?"

त्या तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. कामाचं तेवढं सांगायच्या, तेही भिंतीला सांगितल्यासारखं. मी खोलीत जाऊन नवऱ्याला म्हटलं, सामान बांधायला लागा. तो म्हणाला, "हाकललं का?" मी म्हटलं, नाही अजून. "मग झोप," तो म्हणाला.

चौथ्या दिवशी काकू स्वयंपाकघरात आल्या, सरांची अंगठी माझ्यापुढे ठेवली. अंगठीच्या आतल्या बाजूला पांढरा दोरा गुंडाळलेला होता. आधी एक थर, त्यावर मळका दुसरा, त्यावर तिसरा.

"सैल होते म्हणून मला गुंडाळायला सांगितला. मुलाला बोलू नको म्हणाले," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, तू वाढतेस, तुला कळतंय किती खातात. काही असतं तर तू सांगितलं असतंस."

मी म्हटलं, "मला वाटायचं, तुम्ही शेजारी बसता."

कुकरची शिट्टी झाली तेव्हा त्या अंगठी घेऊन गेल्या.

त्यांनीच डॉक्टरांना फोन करून खरं काय ते सांगितलं. डॉक्टरांनी परत बोलावलं, रक्त तपासलं, पोटाची तपासणी केली. दुसरा काही आजार निघाला नाही. पण ते कळायला दोन महिने उशीर झाला होता आणि ते दोन महिने माझे होते.

एका दुपारी काकू म्हणाल्या, "तू बस त्यांच्याबरोबर जेवायला."

मी त्या घरात कधी टेबलाशी बसले नव्हते. कोणी मनाई केली नव्हती, मीच बसत नसे. पहिल्या दिवशी मी खुर्चीच्या कडेवर बसले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला युक्ती सुचली. मी त्यांच्यापेक्षा सावकाश खायला लागले. एक घास, मग पेपर वाचायचा. मोठ्याने, अडखळत. सर थांबलेले दिसले की मी पण थांबायची, त्यांचं ताट माझ्या ताटाच्या पुढे जाईपर्यंत. लहानपणापासून मी भराभर गिळायची, पाच भावंडांत सावकाश जेवणारा उपाशी राहतो. आता चाळीस मिनिटं एका पोळीला लावायची म्हणजे मला शिक्षाच होती. सरांच्या ते लक्षात आलं होतं. एकदा म्हणाले, "तुझ्यामुळे माझे हात वाळतायत." तेव्हा आवाजात हसू होतं.

कधी तात्या यायचे. येताना घरचं तूप आणायचे आणि पोराला भरवावं तसे शेजारी बसून भरवायला बघायचे. "दादा, अजून एक. लय नाय, एकच." सर म्हणायचे, "तू कांदे मोज, घास मोजू नको."

सहा महिन्यांत सर चव्वेचाळीसवर आले. तीन किलो. डॉक्टर म्हणाले, या आजारात गेलेलं वजन परत आणणं अवघड असतं, तुम्ही पुष्कळ केलंत. 'तुम्ही' म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

त्याच दिवसांत मी एकदा जेवताना सरांना म्हटलं, "मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

त्यांना बोलायला वेळ लागायचा. आवाजही फार बारीक झालेला. मी वाकून ऐकलं.

"तू नाही म्हणाली असतीस तर मी दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं असतं. मनाला लावून घेऊ नको."

त्यांनी ते माझ्या समाधानासाठी म्हटलं. मी मान हलवली. पण पुढे कितीदा तरी माझ्या मनात आलं की दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं असतं, तर त्या दुसऱ्याने कदाचित सांगितलं असतं. पहिल्या किंवा दुसऱ्या भोकालाच. सरांनी विचार करून मला निवडलं होतं. मी बोलणार नाही याची त्यांना खात्री होती, आणि ती खात्री त्यांना मीच दिली होती, रोज खाली मान घालून वावरून.

त्या वर्षी नाशकात थंडी फार पडली. सरांना खोकला झाला, मग ताप. पाणी पितानासुद्धा ठसका लागायचा. दवाखान्यात नऊ दिवस होते. नळीने खाणं चालू होतं. पाचव्या दिवशी तात्या आले, त्यांनी सरांचा दंड हातात धरून बघितला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. डॉक्टर मुलाला सांगत होते की तापाशी झगडायला अंगात काही शिल्लक लागतं, ते यांच्याकडे कमी आहे. मी दाराशी उभी होते. दहाव्या दिवशी सकाळी सर गेले.

काकूंनी मला खोली सोडायला सांगितलं नाही. पुढे त्या मुलाबरोबर पुण्याला गेल्या तेव्हाही म्हणाल्या, घर विकेपर्यंत रहा. मी चार वर्षं राहिले. माझ्या भीतीला काही आधार नव्हता, हे कळायला इतकं पुरेसं होतं. पण तोवर ज्याच्यासाठी बोलायचं तो माणूस उरला नव्हता.

महिना झाल्यावर उरलेल्या गोळ्या दुसऱ्या कुणाला उपयोगी पडतील म्हणून काकूंनी माझ्याजवळ दिल्या आणि डॉक्टरांकडे पाठवलं. गर्दी नव्हती. त्यांनी बसायला सांगितलं. गोळ्या घेऊन बाजूला ठेवल्या. मी विचारलं, "साहेब, तेव्हाच कळलं असतं, वर्षभर आधी, तर सर या तापातून उठले असते का?"

त्यांनी गोळ्यांची पाकिटं एकावर एक लावली. मला वाटलं, आता नाही म्हणतील. मग वाटलं, हो म्हणतील. मी दोन्हीला तयार होऊन आले होते.

"असं सांगता येत नाही," ते म्हणाले. "कदाचित. कदाचित नाही."

मी उठले नाही. त्यांना वाटलं असेल मला अजून काही विचारायचं आहे. मला काही विचारायचं नव्हतं. मग बाहेरच्या माणसाने पुढच्या पेशंटचा नंबर पुकारला आणि एक म्हातारे गृहस्थ मुलीचा हात धरून आत आले, बारीक पावलं टाकत. मी उठून त्यांना खुर्ची दिली. त्यांच्या कमरेकडे बघायचं नाही, असं मी ठरवलं. तरी बघितलं.